‘गॅसमुळे दिसले नाही’ म्हणजे नेमके काय?

पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण थेट शेवटच्या ओळीवर जातात. तिथे ‘नॉर्मल’ शब्द दिसला की रिपोर्ट फाइलमध्ये जातो. पण मधल्या भागात, यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे यांच्या रांगेत, पुष्कळदा एक ओळ असते : ‘पॅनक्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. ही ओळ कुणी वाचलीच, तर तिचा अर्थ ‘मला गॅसेसचा त्रास आहे’ असा लावला जातो आणि घरात ओव्याची डबी उघडते.

त्या ओळीचा रुग्णाच्या ढेकरांशी काही संबंध नाही. आतड्यातल्या हवेमुळे स्वादुपिंड आम्हाला दिसू शकले नाही, अशी ती तपासणाऱ्या डॉक्टरांची प्रामाणिक नोंद असते. न दिसलेला अवयव आणि निरोगी अवयव यांत फरक आहे. तपासणी मुतखड्यासाठी असेल, तर स्वादुपिंड न दिसल्याने काही बिघडत नाही. पण पाठीत जाणारी पोटदुखी, कारण नसताना उतरणारे वजन किंवा कावीळ यासाठी सोनोग्राफी सांगितली असेल आणि नेमका हाच अवयव दिसला नसेल, तर मूळ प्रश्न अजून अनुत्तरित आहे. गेल्या चार दशकांत पचनसंस्थेच्या सोनोग्राफीत जे नवे आले, त्यातले बरेचसे या हवेच्या अडथळ्याला वळसा घालण्याच्या प्रयत्नांतून आले.

हवेशी सोनोग्राफीचे एवढे वैर का? आपल्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीचा प्रोब २० ते ५० लाख हर्ट्झचा आवाज शरीरात सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारून ती परत येईपर्यंतचा वेळ मोजला, तर समोरचा कडा किती दूर आहे हे काढता येते. यंत्र हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते आणि त्यातून चित्र रचते. शरीराच्या मऊ भागांत आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. यकृतातून स्नायूत, स्नायूतून चरबीत शिरताना त्याचा थोडासाच भाग परततो, बाकीचा पुढे जातो. म्हणून खोलवरचे दिसते. हवा लागली की मात्र हे गणित कोलमडते. मऊ पेशी आणि हवा यांच्या सीमेवर ९९ टक्क्यांहून जास्त आवाज परत फिरतो. पलीकडे काही जातच नाही, त्यामुळे पलीकडचे दिसतही नाही. पोटावर तो थंडगार जेल लावतात तोही याचसाठी. त्वचा आणि प्रोब यांच्यामधली हवेची पातळ फटसुद्धा चालत नाही. सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावण्यामागे एक कारण हेच. दुसरे म्हणजे जेवल्यावर पित्ताशय आकसते आणि मग आतले खडे नीट दिसत नाहीत.

स्वादुपिंडाची जागा या दृष्टीने फारच गैरसोयीची. ते पोटाच्या मागच्या भिंतीला, कण्याच्या पुढे आडवे पडलेले असते. त्याच्या पुढ्यात जठर, खाली मोठ्या आतड्याचा आडवा भाग, आणि दोन्हींत हवा. अंगावर चरबी असेल तर प्रोबपासूनचे अंतर आणखी वाढते.

यावरचा सर्वांत साधा उपाय नेदरलँड्समधल्या ज्युलियन पुइलार्ट या रेडिओलॉजिस्टने १९८६ मध्ये मांडला, तो अपेंडिक्ससाठी. प्रोबनेच पोट हळूहळू दाबत जायचे. आतड्यातली हवा बाजूला सरकते, निरोगी आतडे चपटे होते आणि सुजलेले अपेंडिक्स मात्र दबत नाही. सहा मिलिमीटरपेक्षा जाड, ताठ नळीसारखे समोर येते. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही, हाताची रीत बदलली. आज तालुक्याच्या गावातल्या सोनोग्राफी सेंटरमध्येही अपेंडिक्स असेच शोधतात. पोट दुखत असताना डॉक्टर वर आणखी दाबतात म्हणून चिडणाऱ्या रुग्णांना हे सांगायला हवे.

पण स्वादुपिंड खोल असते, तिथे दाबून भागत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात आले की बाहेरून आत बघण्यापेक्षा प्रोबच आत का नेऊ नये? जठर स्वादुपिंडाच्या पुढ्यात आहे ही आजवरची अडचण. जठराच्या आत बसून मागे पाहिले, तर तीच सोय होते. मध्ये उरते ती जठराची काही मिलिमीटर जाडीची भिंत. १९८० मध्ये अमेरिकेत आणि जर्मनीत, दोन वेगळ्या गटांनी तोंडातून जाणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब बसवल्याचे प्रसिद्ध केले. हीच एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘ईयूएस’.

जवळ जाण्याचा फायदा दुहेरी आहे. हवा टळते हा एक. दुसरा समजायला गणपतीची मिरवणूक आठवावी. ढोलाचा आवाज दोन गल्ल्या पलीकडून येतो, झांजांची किणकिण मिरवणूक दाराशी आल्यावरच स्पष्ट होते. जाड आवाज दूर जातो, बारीक आवाज वाटेतच विरतो. सोनोग्राफीतही तसेच. बारीक, म्हणजे जास्त कंपनांच्या आवाजाने चित्र अधिक रेखीव मिळते, पण तो खोलवर पोचत नाही. पोटावरून बघताना त्यामुळे जाड आवाजावर समाधान मानावे लागते. प्रोब जठरात असेल, तर एक कोटी हर्ट्झच्या आसपासचा आवाज वापरता येतो. मग स्वादुपिंडातली दोन मिलिमीटरची नलिका, पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकलेला तीन-चार मिलिमीटरचा खडा आणि जठराच्या भिंतीचे एकेक थर वेगळे दिसतात.

खरे वळण आले ते १९९२ मध्ये. डेन्मार्कमधल्या पीटर व्हिलमन यांनी नव्या घडणीचा प्रोब वापरून, पडद्यावर डोळ्यांसमोर पुढे सरकणारी बारीक सुई जठराच्या भिंतीतून स्वादुपिंडात नेली आणि तिथल्या पेशी बाहेर काढल्या. तोपर्यंत ईयूएस ही बघण्याची तपासणी होती. आता तुकडा काढून निदान पक्के करता येऊ लागले.

याचे मोल किती, ते अॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांच्या आजारपणात दिसते. २००३ मध्ये स्कॅनमध्ये त्यांच्या स्वादुपिंडात गाठ दिसली. हा बरा न होणारा कर्करोग असणार, काही महिन्यांचाच अवधी आहे, असे त्यांना सांगितले गेले. त्याच संध्याकाळी घशातून दुर्बीण उतरवून, जठरातून पुढे नेऊन सुईने पेशी काढल्या. २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भाषणात जॉब्स यांनी हे स्वतः सांगितले. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आले. कारण गाठ नेहमीच्या प्रकारची नव्हती, शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या एका दुर्मीळ प्रकारची होती. पुढे त्यांनी शस्त्रक्रियेला विलंब केला ही गोष्ट वेगळी. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. पण सकाळच्या चित्राने जे भाकीत केले, ते संध्याकाळच्या सुईने बदलले, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे या सुईला आणखी एक काम आहे. पोटातल्या लसीका ग्रंथींचा आणि क्वचित स्वादुपिंडाचाही क्षयरोग होतो आणि स्कॅनवर तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो. स्वादुपिंडाच्या सुजेचा एक प्रकार तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होतो. तोही गाठीचे सोंग घेतो आणि स्टिरॉइडने उतरतो. कुणाला केमोथेरपी लागेल, कुणाला सहा महिन्यांची ‘एकेटी’ आणि कुणाला फक्त गोळ्या, हे काळ्यापांढऱ्या सावलीवरून ठरवणे धोक्याचे असते.

नेहमीचा स्वादुपिंडाचा कर्करोग मात्र कठोर आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना त्याने २०१९ मध्ये नेले, तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोचले. सर्व सोयी असलेल्या अमेरिकेतही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सापडली, तर शस्त्रक्रियेची संधी जास्त असते आणि एवढी लहान गाठ हेरण्यात ईयूएस सीटी स्कॅनपेक्षा सरस ठरते. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह लागला आणि त्याच वेळी वजनही उतरू लागले, तर नुसत्या साखरेच्या गोळ्यांवर न थांबता डॉक्टरांना स्वादुपिंडाबद्दल विचारावे, हे म्हणूनच.

याचा अर्थ ‘गॅसमुळे दिसले नाही’ अशी ओळ आली की लगेच ईयूएस करून घ्यावी, असा नाही. ओघाने जायचे असते. आधी नीट उपाशी राहून, शक्य तर सकाळी, पुन्हा सोनोग्राफी. काही वेळा थोडे पाणी प्यायला देऊन, पाण्याने भरलेल्या जठराची खिडकी करून डॉक्टर पलीकडे पाहतात. मग सीटी स्कॅन, किंवा पित्तनलिकेसाठी एमआरसीपी, म्हणजे नळ्यांचा एमआरआय. त्यातही शंका राहिली किंवा पेशी काढायच्या असल्या, की ईयूएसची पाळी येते. तिला सहा-आठ तास उपाशी राहावे लागते, गुंगीचे औषध देतात, घरी न्यायला कुणीतरी सोबत लागते. नुसते पाहण्यात धोका अगदी कमी. सुई घातल्यावर रक्तस्राव किंवा स्वादुपिंडाला सूज क्वचित येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगायलाच हवे. शिवाय ही हाताच्या सरावाची तपासणी आहे. दुर्बीण करणारे पुष्कळ आहेत, त्यातले थोडेच ईयूएस शिकलेले, आणि तेही मोठ्या शहरांत. तक्रार नसताना ‘एकदा बघून टाकू’ म्हणून ती करू नये. वयाबरोबर स्वादुपिंडात निरुपद्रवी पाण्याच्या पिशव्या होतात. त्या सापडल्या की पुढची काही वर्षे धास्तीत जातात.

आता ती बघण्यापुरतीही राहिलेली नाही. स्वादुपिंडाला जोराची सूज येऊन गेल्यावर जवळ साठलेला द्रव, सडलेला भाग काढण्यासाठी पूर्वी पोट उघडावे लागे. आज जठराच्या भिंतीतूनच एक रुंद जाळीची नळी बसवून तो जठरात उतरवतात. आणि ज्यांचा कर्करोग काढता येत नाही, त्यांच्या पाठीत घुसणाऱ्या वेदना कमी करण्यासाठी त्याच मार्गाने मज्जातंतूंच्या जाळ्याजवळ औषध सोडतात.

यकृताची गोष्ट वेगळी आहे. बरगड्यांच्या आड असले तरी ते मोठे आणि वरच्या बाजूला असल्याने सोनोग्राफीला सहज सापडते. तिथे अडचण दिसण्याची नसून वाचण्याची आहे. ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ हे शब्द आज इतक्या रिपोर्टांत असतात की लग्नाच्या पंगतीतही लोक ते एकमेकांना सांगतात, आणि वर ‘ग्रेड वनच आहे’ असा दिलासा. ही ग्रेड म्हणजे यकृत शेजारच्या मूत्रपिंडाच्या तुलनेत पडद्यावर किती उजळ दिसते याचा डोळ्यांनी केलेला अंदाज. त्यातून चरबी कळते. पण माणसाचे पुढे काय होणार ते ठरते यकृतात वण किती पडले आहेत त्यावर. त्या वणांना फायब्रोसिस म्हणतात, ते वाढत गेले की सिरॉसिस. आणि ग्रेड वन असतानाही वण असू शकतात. उलट सिरॉसिस पुढे सरकल्यावर चरबी कमी होऊन यकृत कमी उजळ दिसू शकते; म्हणजे रिपोर्ट सुधारला आणि आजार वाढला, अशी विचित्र अवस्था.

वण पडलेले यकृत कडक होते हे वैद्य-डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. उजव्या बरगडीखाली बोटे खुपसून ते तेच चाचपत. कलिंगडवाला टिचकी मारून फळ ओळखतो, तशी टिचकी यकृताला मारून तिचा वेग मोजण्याची युक्ती पॅरिसमध्ये साकारली. लॉराँ सँड्रिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ते यंत्र फायब्रोस्कॅन या नावाने जगभर गेले. बरगड्यांमधल्या फटीत प्रोब टेकवतात, तो ५० हर्ट्झचा एक हलका धक्का देतो. यकृतातून एक मंद लाट पुढे सरकते आणि तिचा वेग सोनोग्राफीचा आवाज मागोमाग टिपतो. चित्राची गरजच नाही. मऊ यकृतात ही लाट सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जाते, कडक यकृतात वेगाने. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कडकपणा वाढतो, म्हणून थोड्या वेगवाढीनेही आकडा बराच चढतो : सेकंदाला १.३ मीटर म्हणजे सुमारे ५ किलोपास्कल, तर २ मीटर म्हणजे १२.

निरोगी यकृत साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास असते. फॅटी लिव्हरच्या रुग्णात ८ च्या खाली आकडा आला, तर गंभीर वण असण्याची शक्यता कमी धरतात. १२ च्या वर गेला, तर यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवे. आधी यासाठी यकृतात सुई खुपसून तुकडा काढत. तो तुकडा साऱ्या यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढा. फायब्रोस्कॅन त्याच्या शंभरपट भाग एका वेळी तपासते आणि दहा टिचक्यांचा मधला आकडा देते. सुई नाही, भूल नाही, पाच-दहा मिनिटांत रुग्ण बाहेर.

पण या आकड्यालाही फसवता येते. जेवून गेलात, तर यकृतात रक्त वाढून आकडा वाढतो. निदान तीन तास पोट रिकामे हवे. ताजी कावीळ, हृदयाचे पंपिंग कमी झाल्याने यकृतात तुंबलेले रक्त, यांनीही वण नसताना आकडा वाढतो. पोटात पाणी झालेले असेल, तर हे यंत्र मोजूच शकत नाही. शिबिरांत दुपारच्या जेवणानंतर रांग लावून केलेल्या फायब्रोस्कॅनच्या आकड्यांवर मी तरी फारसा विश्वास ठेवणार नाही. त्याआधीची एक पायरी तर जवळजवळ फुकट आहे : वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून निघणारा ‘फिब-४’ हा गुणांक. तो १.३ पेक्षा कमी असेल, तर बहुतेकांना पुढच्या यंत्राची घाई नाही. पासष्टीनंतर ही सीमा थोडी वर, २ पर्यंत, धरतात.

आतडी, म्हणजे हवेचे घरच. तिथे सोनोग्राफी काय करणार, असे अनेक वर्षे मानले जाई. पण हवा आतड्याच्या पोकळीत असते. प्रोबच्या बाजूची भिंत तिच्या अलीकडे येते आणि ती चांगली दिसते. निरोगी आतड्याची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा पातळ. क्रोन्स आजारात किंवा आतड्याच्या क्षयरोगात ती पाच, सात, आठ मिलिमीटरपर्यंत जाडावते, तिचे थर पुसट होतात आणि डॉप्लरवर रक्तपुरवठा वाढलेला दिसतो. दोन्ही आजार लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर घर करतात, त्यामुळे कोणता ते ठरवायला दुर्बीण आणि बायोप्सी लागतेच. सोनोग्राफीचा उपयोग नंतरचा : औषध सुरू केल्यावर भिंत पातळ होते आहे का, हे काही आठवड्यांनी, ना जुलाबाचे औषध, ना किरणांचा मारा, असे पाहता येते. ज्या मुलांना हा आजार वर्षानुवर्षे सांभाळायचा आहे, त्यांच्यासाठी हे फार मोठे आहे. गुदाशय मात्र कटीच्या हाडांत खोल असल्याने पोटावरून नीट दिसत नाही.

जर्मनी, इटलीत पोटविकारतज्ज्ञ ही तपासणी आपल्या टेबलावरच करतात. आपल्याकडे ती रूढ न होण्याला एक कारण प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लिहिलेले असते. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. यंत्राची नोंदणी, ते कोण चालवणार, कुठे हलवणार, यावर त्यामुळे कडक बंधने आहेत. मुलींची संख्या कुठे येऊन पोचली होती हे पाहिलेल्यांना तो कायदा सैल करा म्हणवणार नाही. पण त्याची किंमत पोटाचे रुग्णही मोजतात, हेही खरे.

शेवटी एक गंमत. सोनोग्राफीने ज्या वायूशी इतकी वर्षे झुंज घेतली, त्यालाच आता शिरेतून आत सोडतात. १९६८ मध्ये अमेरिकेत रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा यांना हृदयाच्या तपासणीत रंगद्रव्य टोचल्यावर महाधमनीत प्रतिध्वनींचा ढग उठलेला दिसला; तो सूक्ष्म बुडबुड्यांचा होता. आजचे बुडबुडे सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, चरबीच्या पातळ कवचात बांधलेले आणि सरासरी अडीच मायक्रॉनचे, म्हणजे लाल रक्तपेशीपेक्षाही लहान. ते रक्तवाहिन्यांबाहेर जात नाहीत, आवाज पडला की थरथरतात आणि पडद्यावर चमकतात. यकृतात अचानक सापडलेल्या गाठीत ते कसे भरतात यावरून तिची ओळख पटते. कडेकडून हळूहळू आत भरत गेले, तर ती बहुधा रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. सुरुवातीच्या सेकंदांत लख्ख उजळून मिनिटाभरानंतर सावकाश मावळले, आणि रुग्णाला सिरॉसिस असेल, तर यकृताच्या कर्करोगाचा दाट संशय. सीटी स्कॅनचे औषध मूत्रपिंडांवर ताण आणू शकते. हे बुडबुडे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत नाहीत, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्यांना हा पर्याय विचारून पाहण्याजोगा आहे. क्वचित कुणाला अॅलर्जी येते, त्यामुळे टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. तोवर कवच विरघळलेले असते आणि आतला वायू श्वासावाटे बाहेर पडलेला असतो.